नऊ वाजताचा प्रश्न

हज्जा विदादच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा तिने माझ्या हातात कॉफीचा पेला दिला आणि टेबलावर मी ठेवलेल्या, बाईच्या आवाजाच्या बोलक्या डब्याकडे बोट करून विचारलं, "आणि हिला काय देऊ?"

"हिला काही लागत नाही, हज्जा. वीज मिळाली की झालं."

"माझ्या घरात पाहुणी उपाशी? बरं दिसतं का ते?"

ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळलं की तिच्या बोलण्यात नेहमी दोन्ही निम्मं निम्मं असायचं.

माझा धंदा हाच. अम्मानमधल्या घरांत बोलके डबे बसवायचे. माणसाने म्हणायचं दिवा लाव, की दिवा लागतो. पडदा सरकव, की पडदा सरकतो. शिक्षण माझं डिप्लोमाचं, पण आमच्याकडे हातात पेचकस धरणारा प्रत्येक जण इंजिनियर, म्हणून मीही इंजिनियरबाई. कंपनीत कामाला आम्ही नऊ जण, त्यात बाई मी एकटी, आणि सगळ्यात जास्त बोलावणी मलाच. दिवसा घरात बाया एकट्या असतात. पुरुष कारागीर गेला तर घरातला कोणी पुरुष येईपर्यंत तो जिन्यात ताटकळतो. मला मात्र थेट स्वयंपाकघरात नेतात, डोक्यावरचा रुमाल काढून समोर बसतात आणि मी तारा जोडत असताना मला त्यांच्या सासूची सगळी कुळकथा ऐकवतात. अब्दूनच्या बंगल्यांत मी अशा बायकांना आपोआप सरकणारे पडदे लावून दिलेत, ज्यांना खिडकीपर्यंत सहा पावलं टाकायचा कंटाळा येतो. त्यांच्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

हज्जा विदाद, हज करून आलेली म्हणून हज्जा, लुवैबदेच्या टेकडीवर राहायची, जुन्या दगडी घराच्या वरच्या मजल्यावर. बेचाळीस पायऱ्या. वय चौऱ्याऐंशी. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगा एकच, सुहैल, तो कुवेतला मोठ्या हुद्द्यावर. त्या वसंतात ती जिन्यात घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं, एवढंच. पण बातमी कुवेतला पोचेपर्यंत त्या मनगटाची मान झाली होती, आणि सुहैलने आमच्या कंपनीला फोन केला.

मी काम करत असतानाच त्याचा पुन्हा फोन आला. हज्जाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"इंजिनियरबाई, स्पष्ट सांगतो," तो म्हणाला. "दिवे, पाण्याचा पंप, दाराचं कुलूप, सगळं आवाजावर करा. आणि आईने हाक मारली की मला फोन लागला पाहिजे. तीन महिने बघतो. तिला जमलं तर ठीक, नाही तर ती माझ्याकडे येणार. एकोणिसाव्या मजल्यावर तिची खोली तयार आहे."

"आणि मला कोणी विचारलंय का?" हज्जा म्हणाली.

"यम्मा, तुझ्याच भल्यासाठी बोलतोय मी."

"देव तुझं भलं करो, राजा." तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "एकोणिसावा मजला! खाली भाजीवाला ओरडला तर वर ऐकू येईल का? पोरी, तू काय जादू करायची ती कर, पण मला या घरातून उठवू देऊ नकोस."

हे ऐकल्यावर माझ्यावर जबाबदारी येऊन पडली. डबा चालला तर हज्जा तिच्या घरात राहणार, नाही चालला तर तिचं सामान बांधलं जाणार.

आणि डबा चालेना. दोष हज्जाच्या कानाचा नव्हता, जिभेचा नव्हता, डब्याचाही म्हणवत नाही. या डब्याला नावाने हाक मारली की त्याच्या कडेला निळा दिवा लागतो आणि तो आठ सेकंद ऐकतो. तेवढ्यात काम सांगायचं. सांगितलं नाही तर दिवा विझतो आणि डबा गप्प. हज्जाने हाक मारली. निळा दिवा लागला. मग ती म्हणाली, "सलाम अलैकुम, मुली. कशी आहेस? तब्येत बरी ना? घरचे सगळे सुखरूप? देव तुला निरोगी ठेवो..." आणि दिवा विझला.

"गेली!" हज्जा म्हणाली. "मी बोलतेय आणि ही पाठ फिरवून गेली. कोणाच्या घरची आहे ही?"

"हज्जा, तिला नुसतं 'दिवा लाव' म्हणायचं."

"नमस्कार ना चमत्कार, एकदम हुकूम? मी माझ्या मांजरीशीसुद्धा असं बोलत नाही."

मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाजही चढवला. माझा स्वभाव तापट आहे, हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. तिने शांतपणे माझ्यापुढे तिळाच्या काकची, म्हणजे खुसखुशीत कड्यांची, बशी सरकवली आणि म्हणाली, "आधी खा. मग चीड."

त्या दुपारी तिने मला सांगितलं की तिने एकतीस वर्षं शहरातल्या टेलिफोन केंद्रात काढली. कानाला यंत्र लावून ओळीने बसलेल्या मुली, समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या. कोणी इर्बिद मागायचं, कोणी अकबा, कोणी बेरूत. "दिवसाला शेकडो लोक माझ्या कानात बोलायचे," ती म्हणाली. "पण एकानेही सलाम केल्याशिवाय नंबर मागितला नाही. ज्याच्या घरी मयत झालीय तोसुद्धा आधी मला विचारायचा, बहिणी कशी आहेस. आणि मी म्हणायचे, अल्हमदुलिल्लाह, देवाची स्तुती असो, तुम्ही कसे आहात. मग तो रडायचा. आता तू म्हणतेस, या बाईला विचारायचंच नाही?"

मी घरी जाऊन विचार केला. माणूस बदलत नसेल तर डबा बदलायचा. दोन दिवस खपून मी डब्याला सलामाचं उत्तर शिकवलं. हज्जाने सलाम केला की डबा सलाम परतवायचा आणि पुन्हा आठ सेकंद कान उघडे ठेवायचा. तिने तब्येत विचारली की म्हणायचा, देवाची कृपा, आणि पुन्हा आठ सेकंद. तिने घरच्यांची चौकशी केली की म्हणायचा, सगळे तुला सलाम सांगतात. असं करत करत हज्जा एकदाची पंपापर्यंत पोचायची. डब्याची भाषा मात्र बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी, पुस्तकी. "खूप शिकलेली दिसतेय," हज्जा म्हणायची, "पण आता वळण लागलं हिला."

मंगळवारी हज्जाच्या भागात नळाला पाणी येतं. तेव्हा पंप लावून गच्चीवरच्या टाक्या भरून घ्यायच्या, नाही तर पुढचा आठवडाभर तोंड धुवायची पंचाईत. पहिल्याच मंगळवारी हज्जाने डब्याशी पुरती विचारपूस करून पंप लावून घेतला आणि मला फोन केला. "ऐक, रुदैना, टाकी भरतेय. ऐकू येतंय का?" मला रस्त्यावरच्या गाड्यांपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, येतंय.

पण सुहैलचं समाधान होईना. "दिवे लावते, ते ठीक," तो म्हणाला. "आई बरी आहे की नाही, हे मला रोज कसं कळणार? मी सारखा बैठकीत असतो."

तेव्हा मी ती गोष्ट केली जिचा मला फार अभिमान वाटला. रोज सकाळी नऊ वाजता डबा आपणहून बोलायचा, "सुप्रभात हज्जा, कशी आहेस?" हज्जाने उत्तर दिलं, "अल्हमदुलिल्लाह", की कुवेतला सुहैलच्या फोनवर अक्षरं उमटायची: आई ठीक आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर त्याच्या आणि माझ्या, दोघांच्या फोनवर घंटा वाजायची. आणि कधीही, काहीही झालं, तर नेहमीच्या सलामानंतर "सुहैलला बोलव" म्हणायचं, की फोन लागणार. कंपनीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आणखी तीन म्हाताऱ्यांच्या घरी मी तोच प्रश्न बसवून दिला. एकाही शहाण्याने विचारलं नाही की बाई, या गावात "कशी आहेस" ला दुसरं उत्तर तू कधी ऐकलंयस का. मीही स्वतःला विचारलं नाही. माझ्या डोक्यात हा विचार आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

तीन महिने सुरळीत गेले. सुहैलने मुदत वाढवली. आधी तो एक दिवसाआड आईला फोन करायचा. आता आठवड्याने करू लागला, कारण अक्षरं रोज येतच होती. मीही आधी मंगळवारी जाता जाता चहाला डोकावायचे, ते सुटलं. गरज काय, डबा होता ना.

नोव्हेंबरातला एक बुधवार. मी अब्दूनला एका बंगल्यात होते. तिथले पडदे अर्ध्यावर अडले होते आणि मालकीणबाई माझ्या डोक्यावर उभी होती. बिघाड या घरात आहे की सगळीकडेच, हे बघायला मी फोनवर हज्जाचं घर उघडलं. तिथे सगळं चालू होतं. नऊचा प्रश्न विचारला गेला होता, उत्तर आलं होतं, संदेश कुवेतला गेला होता. मी फोन बंद करणार, तेवढ्यात माझी नजर अक्षरांवर गेली. डबा जे ऐकतो ते लिहून ठेवतो.

रविवार: अल्हमदुलिल्लाह, बाळ, तू कशी आहेस, रात्री थंडी वाजली का तुला. सोमवार: अल्हमदुलिल्लाह, तुझं कसं चाललंय, तुझ्या माणसांना माझा सलाम. मंगळवार: अल्हमदुलिल्लाह. बुधवार: अल्हमदुलिल्लाह.

बस, एवढंच. आठ महिन्यांत हज्जाने डब्याला उलट विचारलं नाही असा एकही दिवस नव्हता. मी वर सरकवून पाहिलं. मंगळवारी पंप लावला नव्हता. मंगळवारी संध्याकाळी दिवे लावले नव्हते.

मी फोन लावला. वाजत राहिला.

"अहो, माझे पडदे?" मालकीणबाई म्हणाली.

"हाताने ओढा," मी म्हटलं आणि गाडीकडे धावले.

बेचाळीस पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही. दार फोनवरून उघडलं. हज्जा न्हाणीघराच्या दारात फरशीवर कुशीवर पडली होती. पलंगावरची गोधडी कशीतरी ओढून अंगावर घेतलेली. ओठ कोरडे पडले होते. मंगळवारी पहाटेच्या नमाजासाठी हातपाय धुवायला उठली आणि पाय सरकला. खुबा मोडला होता. एक दिवस, एक रात्र आणि वर सकाळचे चार तास ती तिथे पडून होती, आणि टेबलावरचा डबा तिच्यापासून आठ पावलांवर होता.

मी तिच्याजवळ बसले आणि माझ्या तोंडून तोच मूर्ख प्रश्न निघाला. "हज्जा, कशी आहेस?"

"अल्हमदुलिल्लाह," ती म्हणाली.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिच्या ओठांना पाणी लावत होते आणि रडत होते आणि तिला रागावत होते. "अगं डबा विचारत होता ना तुला! दोनदा विचारलं त्याने! बोलव म्हणायचं सुहैलला!"

"तिने विचारलं, मी उत्तर दिलं," हज्जा पुटपुटली. "सकाळी सकाळी देवाची तक्रार करू का?" मग जरा वेळाने म्हणाली, "आणि सुहैलला बोलावलं असतं, तर तो मला घेऊन गेला असता. म्हटलं, दुपारपर्यंत उठेन मी. मग म्हटलं, संध्याकाळपर्यंत."

गुरुवारी खुब्याची शस्त्रक्रिया झाली. सुहैल विमानतळावरून सरळ इस्पितळात आला. सत्तावन्न वर्षांचा, भारी कोट, पण एका पायात उलटा मोजा. त्याने माझ्यापुढे फोन धरला. मंगळवार, आई ठीक आहे. बुधवार, आई ठीक आहे.

"हे काय आहे, इंजिनियरबाई?"

"माझी चूक आहे, उस्ताद सुहैल," मी म्हटलं. "तुमच्या आईने कधीच म्हटलं नाही की मी ठीक आहे. तिने अल्हमदुलिल्लाह म्हटलं. त्याचं 'ठीक' मी केलं."

तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर मला बरंही वाटलं असतं. पण तो भिंतीशी उभा राहून फोनवर मागे मागे जात राहिला, एकेक दिवस, आई ठीक आहे, आई ठीक आहे.

संध्याकाळी हज्जाला शुद्ध आली. तो खाटेजवळ गेला, तिच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात त्याने कपाळाला लावला.

"यम्मा, कशी आहेस?"

"अल्हमदुलिल्लाह, राजा."

त्याने मान डोलावली आणि डॉक्टरांना भेटायला वळला. सवयच ती. त्याला दोष देत नाही, मीही तीच सवय डब्यात भरून विकत होते. पण मला राहवलं नाही. मी कोपऱ्यातली खुर्ची उचलून त्याच्या वाटेत ठेवली.

"बसा," मी म्हटलं. "आणि परत विचारा."

"काय विचारू?"

"तेच."

तो बसला. थोडा ओशाळला होता. "यम्मा, खरंच, कशी आहेस?"

"देवाची कृपा आहे. तू जेवलास का? बारीक झालायस. तुझी बायको कशी आहे, मुलं कशी आहेत?"

तो जेवला होता, बायको ठीक होती, मुलं ठीक होती. हे सगळं त्याने सांगितलं. मग त्याने खुर्ची पुढे ओढली आणि माझ्याकडे न बघता तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज अगदी खाली होता.

"यम्मा, तू कशी आहेस?"

हज्जा छताकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी आवळला गेला आणि मग सैल पडला.

"दुखतंय रे," ती म्हणाली. "फार दुखतंय."

सुहैल मोठ्याने रडला. परिचारिका आत डोकावून गेली. मी बाहेर जायला उठले, पण हज्जाने बोट हलवून मला थांबवलं, म्हणून मी खिडकीशी उभी राहिले.

औषध टोचल्यावर तिला जरा आराम पडला, तसा तो म्हणाला, "आता कुवेतला येशील ना माझ्याकडे?"

"तू म्हणशील तसं, देव तुला सुखात ठेवो."

मला वाटलं, संपलं. पण सुहैल तसा हुशार माणूस. तो उठला नाही.

"येशील का, यम्मा?"

"तुझं घर सुंदर आहे. बायको तुझी हिऱ्यासारखी आहे."

"यम्मा. तुला यायचंय का?"

"नाही," हज्जा म्हणाली. "मला माझ्या घरी जायचंय."

"मग इतकी वर्षं हे सांगितलं का नाहीस?"

"तू तिसऱ्यांदा विचारलंस कधी?"

त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला टाकला आणि तिचा हात धरून बसला. मग त्याने विचारलं, घरी जायचं तर घरात काय हवं. ती म्हणाली, काही नको, सगळं आहे. त्याने परत विचारलं. ती म्हणाली, या पोरीने काय कमी केलंय, दिवे लागतात, दार उघडतं, पंप चालतो. त्याने परत विचारलं.

"न्हाणीघरात भिंतीला एक दांडा हवाय," ती म्हणाली. "धरायला. वसंतापासून म्हणतेय मी मनाशी."

त्या घराच्या भिंतींना मी स्वतःच्या हाताने साठ-सत्तर भोकं पाडली होती. तारा नेल्या, दिव्यांची बटणं बदलली, दाराला कुलूप बसवलं, डब्याला सलाम शिकवला. न्हाणीघरातसुद्धा मी दिव्यासाठी भोक पाडलं, तेव्हा ती दारात उभी होती आणि मी तिला विचारलं होतं, "आणखी काही हवंय का, हज्जा?" ती म्हणाली होती, "अल्हमदुलिल्लाह, काही नको."

शुक्रवारी सुट्टी असूनही मी लुवैबदेला गेले. नऊ वाजताचा प्रश्न डब्यातून काढून टाकला. मग सुहैलने दांडा भिंतीला धरला आणि मी चार स्क्रू मारले. वीस मिनिटांचं काम होतं.